जोडगोळीची जुनी मशीन

क्लेमीनं मीटिंगमध्ये हात वर केला आणि तिथंच सगळी वाट लागली. नाहीतर किती छान चाललं होतं!

क्लेमी म्हणजे वसईजवळच्या गास गावची क्लेमेंटीन. नुकतीच बी.कॉम. झालेली, बोलायला लागली की ब्रेक नसलेली, आणि वालीवच्या 'जोडगोळी सोडा' कंपनीत पब्लिसिटी डिपार्टमेंटला ट्रेनी म्हणून लागलेली. डिपार्टमेंट म्हणजे काय, तर एक टेबल, एक टाइपरायटर आणि रेगे साहेब. रेगे साहेब दादरचे. मुंबईच्या मोठ्या जाहिरात कंपनीत काम केलेले, आणि आपण इथं वसईत कसे येऊन पडलो याचं दुःख रोज इस्त्री करून घालून येणारे.

साल चौऱ्याऐंशी. कंपनीची पन्नाशी. तर रेगे साहेबांच्या डोक्यातून निघालं, की आपण गोल्डन ज्युबिलीचा ओपन डे करायचा. एक रविवार फॅक्टरीचं गेट सगळ्यांना उघडं. लोकांनी यायचं, बाटल्या भरताना बघायच्या, कंपनीचा इतिहास बघायचा, फुकट सोडा प्यायचा आणि खूश होऊन घरी जायचं. तयारीला महिना. आणि तोच महिना क्लेमीच्या ट्रेनिंगचा शेवटचा. दिवस झकास झाला तर पक्क्या नोकरीची ऑर्डर. नाहीतर थँक यू मिस क्लेमेंटीन, आणि घरी जाऊन मोगऱ्याच्या कळ्या खुडा.

कळ्या खुडायला क्लेमीची ना नव्हती हो. पण ऑफिसात टेबलाशी बसून तिनं लिहिलेली ओळ भिंतीवर छापून लागते, आणि येणारा-जाणारा माणूस ती थांबून वाचतो, हे एकदा बघितल्यावर तिला दुसरं काही नकोच झालं होतं.

तर ती मीटिंग. टेबलावर कंपनीचा सगळा 'इतिहास' मांडलेला. दोन पिवळे पडलेले फोटो, एक गंजका बोर्ड, एक लाकडी क्रेट.

"हा इतिहास?" रेगे साहेब म्हणाले. "हा भंगारवालासुद्धा उचलणार नाही."

आणि क्लेमीचा हात वर! "सर, पहिली मशीन आहे ना! हातानं फिरवायची, गोटी सोड्याची! आमच्या गासला फर्डिनंडकाकांच्या ओसरीवर आहे. अजून चालते सर, मी बघितलीय!"

अकाउंट्सचे लोक टेबलाकडे बघायला लागले. टोकाच्या खुर्चीत मालक बसले होते, हरिभाऊ नाईक. पांढरं धोतर, पांढरा सदरा, वय झालेलं पण पाठ ताठ. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला आणि उठून निघून गेले.

रेगे साहेबांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत दिवाळी. "चालते? मिस क्लेमेंटीन, ती मशीन आली, की तुझी ऑर्डर मी स्वतः टाइप करतो."

आता क्लेमीला माहीत नव्हतं का? सगळं माहीत होतं! गासच्या शेंबड्या पोराला पण माहीत होतं. हरिभाऊ आणि फर्डिनंडकाका, दोघांनी मिळून ही कंपनी काढली, ती फर्डिनंडकाकांच्या ओसरीवर. फर्डिनंडकाका हँडल फिरवायचे, हरिभाऊ सायकलला क्रेट बांधून गावोगाव सोडा पोचवायचे. लग्न असो, चर्चचा सण असो, मांडवात जोडगोळीचाच सोडा फुटला पाहिजे. म्हणून तर नाव जोडगोळी. मग हरिभाऊंना वालीवला विजेवर चालणारी मोठी फॅक्टरी काढायची होती आणि फर्डिनंडकाकांना गाव सोडायचं नव्हतं. झालं भांडण. वेगळं होताना फर्डिनंडकाकांनी काही म्हणजे काही मागितलं नाही, फक्त ती मशीन घेतली. ओसरीवर ठेवली आणि रोज पुसली. पुढे ते वारले. आणि त्यांच्या मयताला हरिभाऊ आले नाहीत.

यावर गासमध्ये कोणी बोलत नसे. बोलायचं काय त्यात? सगळं बोलून झाल्यासारखंच होतं ते.

हे सगळं माहीत असून क्लेमीनं हात वर केला. कारण त्या क्षणी तिला समोर फक्त ती टाइप केलेली ऑर्डर दिसत होती.

बरं, रेगे साहेब थांबले का? मशीन यायच्या आधीच पोस्टर छापून आली! 'जिच्यापासून सुरुवात झाली, ती मूळ मशीन चालताना पाहा!' ओळ क्लेमीचीच. तुळिंजच्या बाजारात पोस्टर, सोपाऱ्याच्या रिक्षा स्टँडवर पोस्टर, चर्चच्या कंपाउंडबाहेर पोस्टर. क्लेमी जाता-येता बघायची आणि पटकन रस्ता बदलायची.

मग एक दिवस रेगे साहेबांनी लेटरहेडवर पत्र टाइप करून दिलं. ते घेऊन क्लेमी कंपनीच्या टेम्पोत बसली. ड्रायव्हर अँथनी, तोही आपल्याकडचाच.

"क्लेमी, मला हे काही बरं वाटत नाही हां," अँथनी वाटेत म्हणाला.

"तू गाडी चालव ना!"

उर्सुलामावशी अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. फर्डिनंडकाकांची बायको. लाल चौकटीचं लुगडं, डोक्यावर बारीकसा पांढरा अंबाडा आणि नजर अशी, की शेजारच्या वाडीतला कुत्रापण शेपूट घालायचा. मागं ओसरीवर मशीन. काळी कुळकुळीत, पितळ चमकतंय, वर धुतलेली चादर अर्धी सरकलेली.

आणि क्लेमीनं काय केलं? टेम्पो थेट अंगणात घ्यायला लावला, उतरली आणि उभ्या उभ्या पत्र वाचायला सुरुवात केली! "आमच्या कंपनीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सदर मशीन प्रदर्शनार्थ उपलब्ध करून दिल्यास..."

उर्सुलामावशीनं सूप खाली ठेवलं. "कोनाची गो तू? एमिलीची ना?"

"हो मावशी."

"मंग एमिलीनं तुला हेच शिकवलंय?"

"नाही म्हणजे... मी कंपनीकडून आलेय."

"कंपनीला सांग, या घरात कंपनीचं कोनी राहत नाय." मावशी उठली, चादर सरळ करून मशीन पूर्ण झाकली, आत गेली आणि दार लावून घेतलं. भरदुपारी! गासमध्ये दिवसा कोणी दार लावत नाही हो, मयत झाल्याशिवाय.

अँथनीनं टेम्पो मागं घेतला.

घरी आईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, तुझ्या सख्ख्या मामाच्या लग्नालासुद्धा त्याच्या घरचं माणूस दारात आलं तेव्हा आपण गेलो! आवतण असं देतात? उभ्यानं? कागद वाचून? आधी बसायचं, पाणी प्यायचं, घरातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची चौकशी करायची, आणि सगळ्यात शेवटी, उठता उठता, कामाचं बोलायचं. आणि बोलवायचं ते घरानं. ज्याच्या घरी कार्य त्यानं यायचं. तुझ्या कंपनीला घर आहे का?"

खरं सांगायचं तर क्लेमीला तिथल्या तिथं रडू फुटलं. हे तिला शिकवावं लागावं? ती याच गावात वाढली होती! चार महिने ऑफिसात बसली तर विसरली, की पत्र म्हणजे आवतण नव्हे.

दुसऱ्या दिवशी धीर करून ती हरिभाऊंच्या केबिनमध्ये गेली. "शेठ, उर्सुलामावशी मशीन द्यायला तयार नाहीत. तुम्ही स्वतः एकदा घरी गेलात तर..."

हरिभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. "मी त्या ओसरीवर जाणार नाही."

"पण शेठ, पोस्टर..."

"पोस्टर मी लावायला सांगितली नव्हती, पोरी."

झालं. मावशी म्हणणार मशीन देणार नाही, शेठ म्हणणार मी जाणार नाही, आणि भिंती म्हणतायत 'चालताना पाहा'! क्लेमीला झोप लागेना. जेवताना घास हातातच राहायचा.

मग रेगे साहेबांनी तोडगा काढला. असा तोडगा, की क्लेमीला वाटलं त्यापेक्षा मशीन नसलेली बरी. ते गेले मुंबईला, चोरबाजारात हिंडले आणि एक भलतीच जुनी सोडा मशीन उचलून आणली. गंजलेली, हँडल वाकडं, गॅस भरायची नळीच गायब. फॅक्टरीच्या अंगणात ठेवून काळा रंग मारायला घेतला.

"सर, ही ती नाही," क्लेमी म्हणाली.

"लोकांना काय कळतंय?"

"सर, लोक म्हणजे गासचे लोक येणार! निर्मळचे, नाळ्याचे! त्यांच्या लग्नात त्या मशीनचा सोडा प्यायलेत ते!"

"मग लांबून दाखवू. दोरी बांधू. चालवायची नाही, नुसती उघडायची. आणि माइकवर तू सांगायचंस, की हीच ती मूळ मशीन. तू गासची आहेस, तुझ्या तोंडून शोभतं." आणि मग आवाज खाली आणून, अगदी शांतपणे, "मीटिंगमध्ये शब्द तू दिलास, मिस क्लेमेंटीन. मी तुझ्या शब्दावर पोस्टर छापली. आता एक तर मशीन आण, नाहीतर हे वाक्य बोल. दोन्ही जमत नसेल तर सोमवारी यायची तसदी घेऊ नकोस."

बघा म्हणजे! खोटं बोलायचं, तेही आपल्याच गावासमोर, माइकवर. आणि नाही बोललं तर नोकरी गेली.

क्लेमी आईला घेऊन परत उर्सुलामावशीकडे गेली. या वेळी नीट. चांगली साडी नेसून, चालत, हातात घरच्या केळ्यांची फणी. ओसरीवर बसल्या. पाणी प्यायल्या. आईनं मावशीच्या बहिणीच्या डोळ्याचं विचारलं, सुनेच्या बाळंतपणाचं विचारलं, विहिरीला पाणी किती ते विचारलं. क्लेमी नुसती मशीनकडे बघत बसलेली, आणि मनात चाललंय, आई, आटप ना, आटप ना!

शेवटी उठता उठता आई म्हणाली, "पोर चुकली, उर्सुला. कार्य आहे त्यांच्याकडे. मशीन घेऊन यावंस, तूही यावंस."

मावशी हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "एमिली, तुझं आवतण मी घेतलं असतं गो. पन कार्य तुझं नाय, हरिभाऊचं हाय. आन त्याचं मला काय सांगते? सुखाला बोलावल्याबिगर जाऊ नये आन दुःखाला बोलावन्याची वाट बघू नये, हे त्याला म्हाईत नवतं? माझ्या दारात मयत होतं तवा तो आवतणाची वाट बघत बसला. ही मशीन या उंबऱ्याच्या भायेर जायाची नाय. ज्याला बघायची त्यानं हितं यावं."

आई उठली. संपलं होतं. आणि क्लेमी, बोलायला लागली की ब्रेक नाही ती क्लेमी, अंगणात उतरलेली परत वळली.

"मग मावशी, तुम्ही बोलवा ना त्यांना."

"काय?"

"ते येत नाहीत, कारण त्यांना तोंड नाही यायला. आणि तुम्ही जात नाही, कारण कार्य त्यांचं. मग कार्य तुमचं करा! मशीन तुमची, ओसरी तुमची. फर्डिनंडकाकांच्या मशीनची पन्नाशी आहे ना ही? तर आवतण तुम्ही द्या. तुम्ही जाऊन दिलंत तर त्यांना नाही म्हणता येईल का?"

आईनं तिचा दंड असा दाबला, की वळ उठला.

उर्सुलामावशी लालबुंद. "ज्यानं माझ्या नवऱ्याला माती दिली नाय, त्याच्या दारात मी जाऊ? मी?" "जा गो घरी. जा. परत येऊ नको हितं."

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत आई बोलत होती, आणि त्यातला एक शब्द क्लेमीच्या कानात शिरत नव्हता. होतं ते पण तिनं घालवलं होतं.

मग आला शनिवार. ओपन डेच्या आदला दिवस. फॅक्टरीत नुसती धावपळ. पताका लागतायत, खुर्च्या येतायत, खोट्या मशीनवर रंगाचा शेवटचा हात चाललाय. आणि गेटवर गडबड. वॉचमन ओरडतोय, "ओ बाई, पास दाखवा! ओपन डे उद्या है!"

क्लेमीनं बघितलं आणि तिच्या हातातली पताकांची दोरीच सुटली. गेटात उर्सुलामावशी! सणाचं लाल लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, केसांत फूल, सोबत नणंद, मेरी. आवतणाला जातात तशी नटून आलेली.

"पास कसला रे? हरिभाऊ हाय का घरात?" तिनं फॅक्टरीला घर म्हटलं, आणि वॉचमन आपोआप बाजूला झाला.

अंगणातून येताना मावशी त्या काळ्या रंगवलेल्या मशीनपाशी थांबली. रंगवणारा पोरगा ब्रश घेऊन उभाच. रेगे साहेब लगबगीनं पुढं. "ही आमची मूळ..."

"मूळ?" मावशीनं त्यांना वरून खाली बघितलं. "साहेब, माझा नवरा माझ्यापेक्षा जास्त मशीनपाशी असायचा. ती माझी सवत हाय. सवतीला वळखनार नाय होय मी?"

मेरी तोंडाला पदर लावून हसली. रेगे साहेबांचा चेहरा सोड्याच्या रिकाम्या बाटलीसारखा.

केबिनमध्ये हरिभाऊ फाइल बघत होते. मान वर केली आणि ताडकन उभे राहिले. खुर्ची मागं आपटली. मावशी बसली. बस म्हणायच्या आधी बसली. क्लेमी दारात.

मावशी म्हणाली, "पानी."

हरिभाऊंनी स्वतः पाणी दिलं. बशीत पाणी सांडलं.

"सावित्रीचे गुडघे कसे हायेत?" मावशीनं हरिभाऊंच्या बायकोचं विचारलं.

"तसेच आहेत... वहिनी." तो 'वहिनी' शब्द म्हणजे गंजलेलं दार उघडावं तसा निघाला.

"आन आंबा मोहरलाय का औंदा?"

"मोहर आलाय."

मावशीनं आंब्याचं विचारलं, नातवंडांचं विचारलं. बाहेर मेरी खोकली. मग मावशी उठली आणि उठता उठता, पदर सावरत म्हणाली, "उद्या चर्चातला मिस्सा झाल्यावर मशीन फिरवायची हाय. त्याची पन्नाशी हाय. आमच्या घरी यायचं."

आणि उत्तराला थांबली नाही. थांबतच नाहीत. आवतण दिलं की झालं, येणं न येणं ज्याचं त्याच्यापाशी. क्लेमीच्या जवळून जाताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हरिभाऊ उभेच. मग दार लावून घेतलं आणि संध्याकाळी निघून गेले.

रेगे साहेबांनी क्लेमीला कोपऱ्यात घेतलं. "हे तू केलंस? तिला तू सांगितलंस? प्रोग्राम इथला आहे, पाहुणे इथले आहेत, आणि तू गावात दुसराच कार्यक्रम लावतेस? उद्या बारा वाजता चादर ओढायची आणि वाक्य बोलायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

रविवार उजाडला. काय गर्दी, काय गर्दी! वसईकडून लोक, सोपाऱ्याकडून लोक, बायका-पोरं, म्हातारे. सगळे बाटल्या भरणाऱ्या मोठ्या मशीनसमोर तोंड उघडं टाकून उभे, आणि थोड्या वेळानं सगळ्यांचा एकच प्रश्न, "ती जुनी कुठंय?" क्लेमी हसून सांगत होती, "बारा वाजता, बारा वाजता," आणि पाठीवरून घामाच्या धारा. सारखी मान वळवून स्टेजकडे बघत होती. हरिभाऊ पहिल्या खुर्चीत बसलेले. इथंच बसलेले. म्हणजे जाणार नाहीत. गासला मिस्सा कधीच सुटला असणार. मावशी ओसरीवर वाट बघत असेल.

बारा वाजले. रेगे साहेबांनी माइक तिच्या हातात दिला आणि हसत हसत, दातांतून म्हणाले, "बोल."

समोर गासचे किती चेहरे! फुलवाले, भाजीवाले, तिच्या शाळेतल्या फ्लॉसीबाई. चादरीखाली चोरबाजारातली मशीन. क्लेमीनं चादरीचं टोक धरलं. डोक्यात ते वाक्य तयार, पाठ, ओठांवर आलेलं. हीच ती मूळ मशीन. चारच तर शब्द, मेलं! बोल आणि सुट. कोणाचं काय जातं?

"ही..." ती म्हणाली. माइक किंचाळला. लोक हसले.

तिनं चादर सोडून दिली.

"ही ती मशीन नाही. ती गासला आहे, उर्सुलामावशींच्या ओसरीवर. पोस्टरवर मीच लिहिलं होतं. ती इथं येणार नाही. माझ्याकडून चूक झाली."

रेगे साहेब पांढरेफटक. मागून कोणीतरी ओरडलं, "मंग आम्हाला कशाला बोलावलं गो?" क्लेमीनं माइक खाली ठेवला. संपली नोकरी. आता फक्त खाली उतरून गेटापर्यंत रडू न फुटता चालत जायचं होतं.

तेवढ्यात स्टेजवर खुर्ची सरकली. हरिभाऊ उठले. टोपी नीट केली, पायऱ्या उतरले आणि गर्दीतून सरळ चालत टेम्पोपाशी गेले. "अँथनी, गाडी काढ. गास."

"काढतो शेठ!"

"अरे, पण गॅसचा सिलेंडर?" क्लेमी धावत गेली, कारण गॅसशिवाय सोडा कसा भरणार? मावशीकडे मशीन होती, गॅस कुठून असणार?

अँथनीनं मागं बोट दाखवलं. "कालपासून इथंच आहे. शेठनीच चढवायला लावला. कशाला, ते नाही सांगितलं." आणि डोळा मारला. "चढ लवकर, नाहीतर म्हातारा परत बदलेल."

क्लेमी पुढं चढली, हरिभाऊंच्या शेजारी. मागं कोणी सायकलवर, कोणी रिक्षात, कोणी कंपनीच्या ट्रकमध्ये. अर्धी गर्दी निघाली! आणि सोपाऱ्याचं रेल्वे फाटक बंद. मालगाडी चाललीय, डबे संपता संपत नाहीत. हरिभाऊंनी दाराच्या कडीला हात घातला. क्लेमीनं बघितलं. उतरतायत. आता उतरून परत जाणार. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द सुचला नाही.

"फर्डिनंड गेला, त्या दिवशी इथवर आलो होतो मी," हरिभाऊ म्हणाले. बाहेर बघतच. "फाटक बंद होतं. उघडलं, तरी गेलो नाही."

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक वर झालं. अँथनीनं विचारलं नाही, गाडी दामटली.

उर्सुलामावशीच्या अंगणात मांडव नव्हता, काही नव्हतं. ओसरीवर मशीन उघडी, पाण्यानं भरलेल्या जुन्या गोटीच्या बाटल्या ओळीनं, आणि मावशी कालच्याच लाल लुगड्यात. हरिभाऊ अंगणाच्या कडेला थबकले. मागं सगळं गाव थबकलं.

मावशी म्हणाली, "उशीर केलात."

"हो वहिनी," हरिभाऊ म्हणाले. "फार केला."

मावशीचे डोळे भरले, पण पाणी खाली पडू दिलं नाही हां तिनं. बाजूला सरली. हरिभाऊ ओसरीवर चढले. अँथनीनं सिलेंडर जोडला. बाटल्या मशीनच्या पिंजऱ्यात बसवल्या, आणि हरिभाऊंनी हँडल धरलं. एक फेरी. करकरली. दुसरी. पिंजरा गरगर फिरायला लागला, बाटल्या खाली-वर, गॅस फुसफुसतोय, आणि आत गोट्या टकाटक तोंडाशी येऊन बसतायत. पोरं किंचाळायला लागली. "बाजूला व्हा, फुटते कधी कधी!" मावशी ओरडली, आणि नेमकी एक फुटलीच! फाडकन! सगळे मागं पळाले, हरिभाऊंच्या सदऱ्यावर पाणीच पाणी, आणि म्हातारा हसतोय! कंपनीतल्या कोणी त्याला हसताना कधी बघितलं नव्हतं.

रेगे साहेब तेवढ्यात पोचले, जीपमधून, टाय सुटलेला. सरळ ओसरीवर. "शेठ, आय ॲम सॉरी. हे प्रोग्रामात नव्हतं. या मुलीनं कोणाला न विचारता स्टेजवरून..."

"मला विचारलं होतं," हरिभाऊ म्हणाले. हँडल थांबवलं नाही.

"तुम्हाला?"

"मला."

क्लेमीनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे नाही बघितलं. एक भरलेली बाटली काढली, अंगठ्यानं गोटी दाबली, फस्स झालं आणि बाटली रेगे साहेबांच्या हातात दिली. आता भरली बाटली हातात आल्यावर माणूस भांडणार कसा? फेस सांडायला लागला, तसं त्यांनी तोंडाला लावली. प्यायले. थांबले. परत प्यायले. मग सगळ्या गर्दीकडे बघितलं, अंगण भरून रस्त्यापर्यंत गेलेल्या, आणि त्यांच्यातला मुंबईचा जाहिरातवाला जागा झाला.

"फोटोग्राफर कुठंय?" ते ओरडले. "मिस क्लेमेंटीन! नुसती उभी काय आहेस? फोटोग्राफर वालीवलाच राहिला! जा, घेऊन ये त्याला. आणि उद्या सकाळी नवाला टेबलावर हवीस. हे सगळं लिहून काढायचंय, आणि ऑर्डर टाइप करायला मला टाइपरायटरची रिबन बदलून हवीय."

क्लेमी अँथनीच्या टेम्पोकडे धावत सुटली. चप्पल एक अंगणातच राहिली, पण ती काही वळली नाही.